एका चौरस मीटरात किती माणसं?

परवा व्हरांड्यात खडूने एक चौकोन आखला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. गल्लीतल्या पोट्ट्यांना म्हटलं, यात मावून दाखवा. चौघं आरामात उभे राहिले. सहावा आला तेव्हा खांद्याला खांदे लागले, पण हसणं-खिदळणं चालूच होतं. आठव्याने पाय टाकला तसा कडेचा एक जण बाहेर फेकला गेला आणि खेळ मोडला. मोडला, कारण चौकोनाला भिंती नव्हत्या.

हे डोक्यात आलं ते नागपुरात बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून जाताना. झिरो माइलजवळ गोवारी स्मारक आहे. रोज हजारो गाड्या त्याच्या बाजूने जातात. वरच्या उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचंच नाव आहे, पण आपण त्याला ‘बर्डीचा पूल’ म्हणून मोकळे होतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाज हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आला होता. गुरं राखणारा, दिवाळीत गायगोधनाला ढाल नाचवणारा हा समाज. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ मोर्चा अडला, पोलिसांचा लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली. त्यात बाया आणि लेकरं जास्त.

‘चेंगराचेंगरी’ या शब्दावर माझा जुना राग आहे. तो ऐकला की डोळ्यांपुढे तुडवलेली माणसं येतात. मग तुडवलं कोणी? उरलेल्या गर्दीने. म्हणजे गुन्हेगार ठरतो तो मेलेल्याच्या शेजारी उभा असलेला माणूस, बहुतेकदा त्याच्याच घरचा.

प्रत्यक्षात अशा दुर्घटनांत बहुतेक माणसं गुदमरून मरतात, कित्येकदा उभ्याउभ्याच. श्वास आत घ्यायचा तर बरगड्या बाहेरच्या बाजूला फुलाव्या लागतात आणि छातीखालचा पडदा खाली सरकावा लागतो. चारी बाजूंनी दाब आला की छाती फुलतच नाही. नाक-तोंड उघडं, हवा समोर, आणि तरी श्वास नाही. काही मिनिटांत शुद्ध हरपते. खाली पडायलाही जागा नसते. अशा ठिकाणी लोखंडी कठडे वाकलेले सापडले आहेत, आणि त्यावरून अभियंत्यांनी हिशेब मांडला की जोर साडेचार हजार न्यूटनच्या वर गेला असणार. आपल्या भाषेत, साडेचार क्विंटलचं ओझं छातीवर. एवढं कोणी मुद्दाम ढकलत नाही. मागचा प्रत्येक जण किंचित रेलतो आणि ते किंचित किंचित रांगेत साठत पुढे पोचतं.

चौरस मीटरला चार माणसं असेपर्यंत प्रत्येक जण आपल्या पायांचा मालक असतो. सहा-सातच्या पुढे गेलं की गर्दी द्रवासारखी वागते. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने लिहून ठेवलंय की अशा गर्दीतून उठणाऱ्या लाटा माणसाला तीन-तीन मीटर उचलून नेतात. अंगावरचे कपडे फाटतात, चपला मागे राहतात. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत चपलांचा ढीग दिसतो आणि आपण म्हणतो, बघा, कसे पळाले असतील!

इंग्लंडमधल्या शेफील्डचं हिल्सबरो मैदान घ्या. १५ एप्रिल १९८९, फुटबॉलचा सामना, बाहेर प्रेक्षक तुंबलेले. पोलिसांनी बाहेरचं एक मोठं दार उघडलं. त्याच्या समोरच एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन जाळीबंद कप्प्यांत जात होता. ते कप्पे आधीच गच्च भरलेले होते. डाव्या-उजव्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्यात शिरणाऱ्याला ती दिसत नव्हती. पुढे उंच जाळी, मागून येणारे येतच राहिले. ९७ माणसं गेली. दारू प्यालेल्या प्रेक्षकांनी गोंधळ घातला, अशी बातमी लगेच पसरवली गेली. पहिल्या न्यायालयीन चौकशीने या मृत्यूंना ‘अपघाती’ म्हटलं. तो शब्द बदलून ‘बेकायदेशीरपणे घडवलेले मृत्यू’ असं लिहून घ्यायला घरच्यांना २०१६ पर्यंत झगडावं लागलं. सत्तावीस वर्षं.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरात, इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ रोजी जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उतरत्या बोळात १५९ जण गेले. तिथली एक गोष्ट मला सुचू देत नाही. पोलिसांना पहिला फोन संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी आला होता: इथे माणसं चिरडतील असं वाटतंय. दुर्घटना घडली रात्री सव्वादहाच्या सुमारास. पावणेचार तास हाताशी होते.

मुंबईचा एल्फिन्स्टन रोडचा जिना आपल्याला आठवतोच. २९ सप्टेंबर २०१७, सकाळची वेळ, अचानक पाऊस. वरचे खाली उतरेनात, खालचे चढत राहिले. २३ मृत्यू. ‘फूल पडलं’ ते कोणी ‘पूल पडला’ असं ऐकलं, ही गोष्ट तेव्हा घरोघरी रंगली. ती खरी असो-नसो, तिने आपलं लक्ष त्या अरुंद जिन्यावरून उचलून एका गैरसमजावर नेऊन ठेवलं. हिल्सबरोला दारू, इथे अफवा.

गर्दी ढकलत राहिली तर अडकते कशी, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पेरताना तिफणीच्या चाड्यात मुठीने बी लोटलं की भोकाशी दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि बी तुंबतं. दारातल्या माणसांचंही तेच होतं. गर्दीचा अभ्यास करणारे डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली संगणकावर हे मांडून दाखवलं: बाहेर पडायची घाई जितकी जास्त, तितकं दारातून माणूस सुटणं कमी.

इंग्लंडमधल्याच संडरलंड गावात १८८३ साली ही कमान लेकरांनी धरली. सभागृहात खेळ संपल्यावर मंचावरून खाऊ-खेळणी वाटायला लागले, तशी वरच्या गॅलरीतली मुलं जिन्याने खाली धावली. खालचं दार एका वेळी एकच मूल निघेल एवढंच उघडं ठेवून कडी लावलेली. १८३ मुलं गेली. त्यानंतरच्या खटपटीतून असं दार आलं की त्याच्या आडव्या दांडीवर अंग पडलं तरी ते बाहेरच्या बाजूला उघडतं. सिनेमा संपल्यावर मल्टिप्लेक्समध्ये आपण कोपराने जी दांडी ढकलतो, तीच.

आता या सगळ्यांच्या रांगेत नागपूर ठेवलं की एक गोष्ट बसत नाही, आणि ती बसवू नये असं माझं मत आहे. शेफील्ड, सोल, मुंबई इथे गर्दीवर कोणी हात उगारला नव्हता. हलगर्जी होती, नियोजनाचा दुष्काळ होता. टी-पॉइंटवर लाठी चालली. समोरून मार आला की पहिली रांग मागे सरकते. मागच्या शंभराव्या रांगेतल्या बाईला लाठी दिसत नाही, ती पुढेच तोंड करून उभी असते. दोन लाटा मधे कुठेतरी भेटतात, आणि मधे असतात ती कमी उंचीची माणसं, ज्यांची छाती इतरांच्या कोपराच्या पातळीला येते. भौतिकशास्त्र एवढंच सांगेल. पहिली लाट कोणी उठवली, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे, पण तेवढ्याने तो गैरलागू होत नाही. (ज्या मागणीसाठी ही माणसं आली होती तिला २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मान्यता दिली, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.)

अलीकडचं एक संशोधन मात्र थोडी आशा लावतं. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात सान फर्मीन उत्सवाच्या सुरुवातीला एका चौकात हजारो लोक खच्चून भरतात. फ्रान्स-स्पेनच्या भौतिकशास्त्रज्ञांनी वरून त्यांचं चित्रण केलं आणि २०२५ मध्ये निष्कर्ष छापले. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की शेकडो माणसं एकत्र डोलायला लागतात, गोल गोल, साधारण अठरा सेकंदांत एक फेरी. कोणी ठरवून करत नाही, कोणाला कळतही नाही. जर्मनीत दुइसबर्गला २०१० मध्ये एका संगीत महोत्सवात २१ जण गेले होते. त्या दिवशीच्या चित्रफिती पुन्हा तपासल्या, तर तिथेही तसंच डोलणं सापडलं.

म्हणजे गर्दी आधी इशारा देते, आणि तो कॅमेऱ्याला दिसू शकतो. बर्डीवर आता खांबाखांबावर कॅमेरे आहेत. सिग्नल तोडला की चलान घरी येतं. डिसेंबरात पुन्हा यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतील, टी-पॉइंटवर बांबू आणि लोखंडी कठडे लागतील, मागची गर्दी पुढच्यांना टेकत टेकत उभी राहील. त्या कॅमेऱ्यांमागे बसलेल्याला चौरस मीटर मोजायला कोणी शिकवलंय का, हे एकदा विचारून यायचंय.