तारीख मिळत नाही की रिपोर्ट येत नाही?

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला, उशीर झाला की ‘स्टाफ कमी आहे’ एवढंच कानावर येतं. पण कुठला स्टाफ?

मशीनपाशी असते ती टेक्नॉलॉजिस्ट. बटण दाबणं हा तिच्या कामातला सर्वात सोपा भाग. नेहमीच्या तपासणीत प्रत्येक स्तनाच्या दोन, म्हणजे 4 प्रतिमा घेतात. एक वरून, एक तिरकी. तिरक्या प्रतिमेत छातीचा स्नायू आणि काखेकडचा भागही यावा लागतो. खांदा आखडलेली किंवा व्हीलचेअरवर बसलेली बाई समोर असली, की हाताचं खरं कसब लागतं. टेक्नॉलॉजिस्ट नसेल तर तारीखच मिळत नाही. मशीन नवं कोरं असलं तरी पडून राहतं.

रेडिओलॉजिस्ट बहुधा तुम्हाला दिसतही नाही. तो किंवा ती प्रतिमा वाचते, संशय आला तर पुन्हा बोलावते, बायॉप्सी करते. इथे माणसं कमी पडली तर फोटो वेळेवर निघतात, अडकतो तो रिपोर्ट. युरोपातल्या अनेक तपासणी कार्यक्रमांत प्रत्येक मॅमोग्राम दोघं स्वतंत्रपणे वाचतात, त्यामुळे वाचणारेही जास्त लागतात. त्यात टोमोसिंथेसिस, म्हणजे थ्री-डी मॅमोग्राफी आली. चार चित्रांऐवजी पातळ कापांची मालिकाच डोळ्यांखालून घालायची, म्हणजे वेळ वाढणारच.

या दोन टंचायांची गल्लत महागात पडते ती उपाय शोधताना. मॅमोग्राम वाचताना एआयची मदत घेऊन पाहणाऱ्या स्वीडनमधल्या ‘मासाई’ या चाचणीत 80 हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार एआयच्या मदतीने वाचनाचा भार 44 टक्क्यांनी घटला. उत्तम! पण त्याने टेक्नॉलॉजिस्टची एकही खुर्ची भरत नाही. प्रतिमा दुसऱ्या गावातून वाचता येतात, दुसऱ्या गावातून काढता मात्र येत नाहीत.

शेजारच्या एक्स-रे विभागातून कुणाला तरी तात्पुरतं आणून बसवावं, तर तेही सोपं नाही. अमेरिकेत पात्रता टिकवायला टेक्नॉलॉजिस्टला 24 महिन्यांत 200 मॅमोग्राम काढावे लागतात, वाचणाऱ्या डॉक्टरला तेवढ्याच काळात 960 वाचावे लागतात.

स्तनात हाताला गाठ लागत असेल तर तारीख घेतानाच सांगा. ती नेहमीची तपासणी उरत नाही. सोनोग्राफीही लागू शकते, आणि रांग वेगळी असते.