माउथ ऑर्गन

माउथ ऑर्गन : तोंडाने फुंकून व श्वास ओढून वाजवायचे मुक्त रीडचे सुषिर वाद्य. हार्मोनिका या नावानेही परिचित. पेटी व अकॉर्डियन यांच्याच कुळातले. मात्र येथे भात्याचे काम वादकाची छाती करते.

उगम : एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली पातळ पत्ती आपल्या मापाच्या फटीतून आरपार हलते, हे मुक्त रीडचे तत्त्व चीनमधील शंग या वाद्यात प्राचीन काळापासून आढळते. यूरोपात क्राट्सेनश्टाइन या शास्त्रज्ञांनी १७८० च्या सुमारास मानवी बोलण्यातील स्वरवर्णांची नक्कल करणाऱ्या यंत्रात अशा रीड वापरल्या. त्यांना शंगवरून कल्पना सुचली की स्वतंत्रपणे, याविषयी एकमत नाही. माउथ ऑर्गनच्या शोधाचे श्रेय जुने ग्रंथ बर्लिनच्या फ्रीड्रिख बुशमान यांना देतात व १८२१ हे वर्ष सांगतात. तेव्हा बुशमान जेमतेम सोळा वर्षांचे होते, आणि या दाव्याला समकालीन कागदपत्रांचा आधार दुबळा आहे. १८२० नंतरच्या दशकात व्हिएन्नात अशी वाद्ये तयार होत होती. एकाच शोधकाऐवजी अनेक कारागिरांच्या हातून वाद्य घडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आजची स्वररचना बोहीमियातील रिख्टर नावाच्या कारागिराची, बहुधा १८२६ च्या आसपासची, मानली जाते. जर्मनीत ट्रॉसिंगेन येथे माटिआस होनर यांनी १८५७ मध्ये उत्पादन सुरू केले आणि पुढे वाद्य जगभर पोचले.

स्वररचना : रिख्टर पद्धतीत १० छिद्रे व २० रीड असतात. षड्ज पहिल्या छिद्रावर धरल्यास फुंकताना सा ग प, सा ग प, सा ग प, सा असे स्वर येतात. ओढताना रे प नी रे म ध नी रे म ध. म्हणजे खालच्या सप्तकात मध्यम व धैवत नाहीत, वरच्यात निषाद नाही. पूर्ण सप्तक फक्त ४ ते ७ या छिद्रांत मिळते. वाद्य सदोष आहे अशी नवशिक्याची तक्रार पुष्कळदा येथूनच निघते. गाळलेल्या स्वरांपैकी काही स्वर बेंडने, म्हणजे तोंडाची पोकळी व जिभेची ठेवण बदलून रीडचा स्वर खाली खेचून, काढता येतात : १, २, ३, ४, ६ ओढताना आणि ८, ९, १० फुंकताना.

निवड : शिकण्यास पांढरी एक पट्टीचे, म्हणजे सी चे, १० छिद्रांचे वाद्य सोयीचे. जी (G) या खालच्या पट्टीच्या रीड लांब व सावकाश बोलणाऱ्या, तर एफ (F) व त्याहून चढ्या पट्ट्यांच्या आखूड व चटकन बोलणाऱ्या. दोन्ही टोके नवख्याला जड जातात. कोमल-तीव्र स्वरांसह सर्व बारा हवे असल्यास बाजूला कळ असलेले क्रोमॅटिक घ्यावे. बारा छिद्रांच्या अशा वाद्यात सामान्यतः ४८ रीड असतात. ट्रेमोलो प्रकारच्या वाद्यात प्रत्येक स्वराला किंचित भिन्न मेळाच्या दोन रीड असल्याने नाद लहरतो. त्यावर बेंड जवळजवळ होत नाही. घेताना प्रत्येक छिद्र हळू व जोरात, दोन्ही दिशांनी वाजवावे. २ ओढून आणि ३ फुंकून एकच पंचम आला पाहिजे. १ व ४ एकत्र फुंकल्यावर नाद थरथरला, तर सप्तकाचा मेळ बिघडलेला आहे. २ ओढताना नुसती हवा आली, तर बहुधा रीड नव्हे, जबड्याची ठेवण चुकलेली असते.

मधल्या, कंगव्यासारखे दात असलेल्या भागाला, म्हणजे कोंबला (comb), लाकूड वापरल्यास ते ओलाव्याने फुगते. त्याचे दात पुढे येऊन ओठ सोलतात. प्लास्टिक व धातूच्या कोंबला ही अडचण नाही. वरचे पत्रे व रीडपट्ट्या (रीड बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) स्क्रूने बसवलेले वाद्य खिळ्यांच्या वाद्यापेक्षा दुरुस्तीस सोपे.

निगा : वाजवण्यापूर्वी चूळ भरावी, साखरेचा अंश रीडवर चिकटतो व स्वर मंदावतो. वाजवून झाल्यावर छिद्रे खाली करून तळहातावर आपटावे आणि वाद्य कोरडे झाल्यावरच डबी बंद करावी. लाकडी कोंब पाण्यात बुडवू नये. रीड पुसायची झाल्यास रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडे, उलट दिशेने कधीच नाही. क्रोमॅटिकमध्ये रीडवरच्या पातळ झडपा थंडीत वाफ साचून चिकटतात. वाद्य आधी हातात धरून कोमट करून घ्यावे.

रीडच्या मोकळ्या टोकाचे रीडपट्टीपासूनचे अंतर साधारण रीडच्या जाडीइतके असते. ते फार वाढले, की श्वास वाया जातो. फार कमी झाले, की जोरात फुंकताच रीड गप्प होते. स्वर चढवायला टोकाजवळ, उतरवायला रिव्हेटजवळ अगदी थोडे खरवडतात, खाली पातळ पोलादी पाते सरकवून. एखादी पितळी रीड वारंवार उतरू लागली, तर बहुधा मुळाशी चीर पडलेली असते. अशी रीड पुन्हा मेळात आणून टिकत नाही. ती किंवा पूर्ण रीडपट्टी बदलावी लागते.