मोरोक्कोची संत्री: जिऱ्याची की दालचिनीची?

मोरोक्कोच्या जेवणात संत्र्याच्या चकत्या दोन वेळा पानात येऊ शकतात, आणि फोटोत दोन्ही जुळ्या दिसतात. ताटलीभर केशरी चकत्या, वर भुरभुरलेली तपकिरी पूड. पूड जिऱ्याची असेल तर जेवण सुरू व्हायचंय, दालचिनीची असेल तर संपत आलंय.

दालचिनीचा प्रकार सोपा. थोडी पिठीसाखर, संत्र्याच्या फुलांचं सुगंधी पाणी, वर दालचिनी. तासभर फ्रिजमध्ये ठेवला की रस सुटतो, आणि तो सुटायलाच हवा असतो.

जिऱ्याचं तंत्र वेगळं. ताजिन (मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेला रस्सा) येण्याआधी गाजर, बीट, वांगं अशा लहान लहान कोशिंबिरी पावासोबत मांडतात, त्यातली ही एक. चार संत्र्यांना पंधरा-वीस काळे ऑलिव्ह, ठेचलेली एक लसूणपाकळी, अर्धा चमचा जिरेपूड, तेवढीच पाप्रिका (आपली काश्मिरी मिरचीची पूड चालते, पण जरा कमी), लिंबाचा रस, दोन-तीन चमचे ऑलिव्ह तेल, वर चिरलेली पार्सली. ऑलिव्ह मात्र मिठात मुरवलेले, सुरकुतलेले घ्या. डब्यातल्या गोल गुळगुळीत काळ्या ऑलिव्हना बहुधा चवच नसते. खारट-कडवट काही नसलं की संत्र्याच्या गोडीला आवरणारं कुणी उरत नाही, आणि तुमची कोशिंबीर लसूण घातलेलं फ्रूट सॅलड होते.

मीठही अगदी शेवटी, वाढताना. आधी घातलं तर चकत्या पाणी सोडतात आणि तेल-मसाला तळाशी वाहून जातो. म्हणजे गोड प्रकारात जो रस कमावायचा, तोच इथे रोखायचा.

नागपुरी संत्रं दोन्हीकडे अडचणीचं. साल सैल, फोडी सुट्या, त्यामुळे चकत्या नीट पडत नाहीत. मोसंबी कापायला बरी, पण आंबटपणा कमी, म्हणून लिंबू वाढवा. सगळ्यात उत्तम माल्टा जातीचं संत्रं. दोन्ही टोकं कापून उभं ठेवा आणि पांढऱ्या सालीसकट सुरीने सोला. ती साल राहिली तर कडू लागते.

एक गंमत: मोरोक्कोच्या बोलीत ‘लिमून’ म्हणजे संत्रं. तिथली कृती ऐकून चार लिंबं कापायला घेऊ नका.