निरगाठ आणि सुरगाठ: ताईत वेगळा, पुरचुंडी वेगळी

भाचीने ऑनलाइन मागवलेली 'संरक्षण पोटली' माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मावशी, कार्डावर काय लिहिलंय ते वाच आधी." जांभळ्या मखमलीची, नाडी ओढून बंद होणारी पिशवी, काडेपेटीहून जरा मोठी. कार्डावर दोन सूचना. पहिली: पिशवी कधीही उघडू नये. दुसरी: आतल्या वनस्पती दर अमावास्येला बदलाव्यात.

आता हे जमवायचं कसं? तिला हसू आवरेना. करणाऱ्याने ताईत आणि पुरचुंडी एकाच पिशवीत कोंबली होती, दुसरं काय! घोटाळा होतो खरा. दोन्ही वस्तू अंगावर किंवा उशाशी ठेवायच्या, दोन्ही काही बाधू नये म्हणून, त्यामुळे बोलताना लोक एकीला दुसरीच्या नावाने हाक मारतात. पण दोन्हींची घडण वेगळी, निगा वेगळी, आणि निकामी होण्याची तऱ्हाही वेगळी.

ताईत हा शब्द अरबी 'तअवीज'वरून आला, मूळ अर्थ आश्रय मागणं. त्याचा जीव अक्षरात असतो. भूर्जपत्रावर किंवा कागदावर मंत्र, आयत नाहीतर आकड्यांचं यंत्र लिहायचं, गुंडाळी करून तांब्याच्या किंवा चांदीच्या नळीत सारायचं, तोंड मेणाने किंवा लाखेने बुजवायचं आणि काळ्या दोऱ्यात ओवायचं. दोऱ्याला निरगाठ. मान असतो तो लिहिणाऱ्याला, मग ते गुरुजी असोत की दर्ग्यातले मौलवी. सकाळी चहा झाल्यावर घरच्या बाईने सहज एक ताईत करून टाकला, असं कधी ऐकलंय? तो करून आणावा लागतो. आत काय लिहिलंय हे घालणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं आणि विचारायचंही नसतं. उघडला की संपला. जिवलगाला आपण 'गळ्यातला ताईत' म्हणतो ते यामुळेच असावं. पुरचुंडी म्हणून कुणाचं कौतुक झालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

पुरचुंडी बिचारी घरगुती. जुन्या कापडाचा चौकोन, मधोमध मूठभर काहीतरी, चार टोकं गोळा करून दोरा. तिचा जीव वासात. वास आज ना उद्या उडणारच, म्हणून ती सोडता आली पाहिजे, तिला सुरगाठ. आतलं सगळं घरात सर्वांना माहीत असतं, कारण ते स्वयंपाकघरातूनच आलेलं असतं.

मी करते ती अशी. वेखंडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा खलबत्त्यात जाडसर ठेचायचा. पूड केली तर कापडातून गळते. दोन चमचे ओवा कोरड्या तव्यावर नुसता गरम करायचा. वास नाकात गेला की लगेच खाली. त्या वासातला मोठा वाटा थायमॉल या द्रव्याचा, आणि ते उडून जाणारं. तव्यावर रेंगाळलात तर वास स्वयंपाकघरात राहतो आणि पुरचुंडीत नुसता भुसा. चारपाच लवंगा नखाने दाबून बघून घ्यायच्या, तेल सुटलं तर ठीक. सगळं पूर्ण गार होऊ द्यायचं. बांधताना वाफ अडकली की आठवड्यात बुरशी धरते. कापड मलमलीचं किंवा धुऊन धुऊन विरलेल्या सुती साडीचं. भाचीच्या पिशवीची मखमल पॉलिस्टरची होती, तिच्यातून वास बाहेर येणार कसा? तीनचार आठवड्यांनी पुरचुंडी चोळून पाहायची. नाकाला काही लागलं नाही तर आतला माल कुंडीत टाकायचा, कापड धुवायचं, पुन्हा भरायचं. अमावास्या पाळायची तर पाळा, महिन्याची आठवण म्हणून सोयीची आहे.

मीठ मात्र यात घालू नका. दृष्ट काढताना मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेतो ते ओवाळून लगेच विस्तवात टाकायला, साठवून ठेवायला नव्हे. कोकणातल्या पावसाळ्यात मीठ असं पाझरतं की सगळी पुरचुंडी ओली. बिब्बाही नको. शनिवारी दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीसोबत तारेत ओवतात, तिथे तो ठीक आहे. त्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात. धोबी कपड्यांवर खुणा करायला तेच वापरत, यावरून त्याचा चिवटपणा ओळखा.

कापडी पिशवी दिसली की पुरचुंडीच, असंही नाही. जपानमधलं 'ओमामोरी' पाहा. देवळात मिळणारी जरीच्या कापडाची सुबक पिशवी, आत प्रार्थनेचा कागद किंवा लाकडाची चकती. उघडायची नाही, आणि साधारण वर्षाने देवळाला परत करायची, तिथे ती विधिपूर्वक जाळतात. दिसायला पिशवी, जातीने अस्सल ताईत. उलट अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या हूडू परंपरेतली 'मोजो' पिशवी: लाल फ्लॅनेलचं कापड, आत मुळ्या, औषधी पाला, एखादं नाणं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, उघडायची नाही, पण तिला बाहेरूनच थेंबभर तेल किंवा व्हिस्की पाजायची, म्हणजे ती 'जिवंत' राहते. बंद पिशवी ताजी ठेवायची युक्ती त्या लोकांनी केव्हाच काढली होती! कार्ड लिहिणाऱ्याने ती अर्धीच ऐकलेली दिसते.

राहिले खडे. पोटलीत दोन निघाले, एक गुलाबी, एक जांभळा. खड्याला ना वास ना अक्षर, मग त्याला कुठे बसवायचं? माझा निकष साधा आहे: जे झिजतं ते पुरचुंडीचं, जे टिकतं ते ताईताचं. तुरटी आणि स्फटिक शेजारी ठेवून बघा. संस्कृतात तुरटीला 'स्फटिका' म्हणतात, हिंदीतली फिटकरी त्यातूनच आली. दिसायला दोन्ही पारदर्शक, पण तुरटी पाण्यात विरघळते आणि जिभेला तुरट लागते, तर स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, काचेवर चरा पाडणारा. दाराला टांगलेली तुरटी काही महिन्यांनी धुरकटली की लोक बदलतात. स्फटिकाची माळ आजीकडून नातीकडे जाते. जांभळा खडा, म्हणजे अ‍ॅमेथिस्ट, उन्हात फार दिवस ठेवला तर फिका पडतो. 'ऊर्जा भरायला' खिडकीत ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जाता जाता एक गंमत. जगभरच्या क्रिस्टल दुकानांत चढ्या भावाने विकले जाणारे अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिलबाइट हे खडे जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांतले, बरेचसे खडीच्या खाणींत सापडलेले. अ‍ॅपोफिलाइटच्या घडणीतच पाणी असतं, तापवला तर पापुद्रे सुटतात. त्या नावाचा ग्रीक अर्थही तसाच आहे. तेव्हा त्याला धुरी द्या, ज्योतीवर धरू नका.

घरात तान्हं मूल असेल तर मात्र मी कडक होते. पुरचुंडीत कापूर नको. कापराचा छोटा तुकडा पोटात गेला तरी बाळाला झटके येऊ शकतात, आणि डांबरगोळी दिसायला तशीच असून तीही विषारी. वेखंड वासापुरतं, चाटवायचं नाही. त्यातल्या बीटा-असरोनमुळे अमेरिकेत 1968 पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. ताईताचा दोरा तर झोपलेल्या बाळाच्या गळ्यात नकोच, फास बसायची भीती. आणि 2021 मध्ये कापूर, ओवा, लवंग हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो असे निरोप घरोघर फिरत होते, ते धादांत खोटं होतं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, इतकंच. ताईताने अमुक आजार बरा होतो अशी जाहिरात करणं तर 1954 च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. 'जादूटोणा उपाया'च्या व्याख्येत तिथे मंत्र आणि कवच यांच्यासोबत ताईताचं नावच आहे.

शेवटी आम्ही ती पोटली उघडली. लॅव्हेंडर होतं, हुंगलं तर वाळक्या गवतासारखं. तमालपत्राचे तुकडे, दालचिनीची काडी, आणि तळाशी गुंडाळलेली चिठ्ठी. भाचीने श्वास रोखून ती उलगडली. तीच दोन वाक्यं, बारीक टायपात छापलेली: उघडू नये, दर अमावास्येला बदलावे.

दोन्ही खडे तिने लॅपटॉपशेजारी ठेवले. माझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात ओवा-वेखंड भरून तिने स्वतःच पुरचुंडी बांधली, पहिल्यांदा निरगाठ मारली, मग सोडायला अर्धा तास घालवला. मखमली पिशवीत आता तिच्या केसांच्या पिना असतात.