मागच्या बाकावर मुख्याध्यापक

सोलापूरच्या पूर्व भागातली एक शाळा. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट, आत चौथीचा वर्ग. मॅडमनी फळ्यावर हातच्याची वजाबाकी व्यवस्थित सोडवून दाखवली आणि विचारलं, "समजलं का?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "होऽऽ!" मागच्या बाकावरून मुख्याध्यापिकांनी लॉगबुकात शेरा लिहिला: 'फलकलेखन सुवाच्य. पाठ समाधानकारक.'

त्यांच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते, कोपऱ्यात मी. सरांनी काही न बोलता पुढच्या मुलीची वही मागून घेतली. 43 वजा 18, उत्तर 35. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढंच तिला ठाऊक: 8 मधून 3 गेले 5, 4 मधून 1 गेला 3. हातचा तिच्या गावीही नव्हता. आणखी दोन वह्या पाहिल्या, तिथंही 35.

मधल्या सुट्टीत ऑफिसात सरांनी विचारलं, "आता मॅडमना काय सांगाल?"

"वह्या तपासत जा म्हणेन."

"मीच त्या मॅडम आहे असं समजा. बोला."

पहिल्या वेळी बोलणं खरडपट्टीसारखं झालं. दुसऱ्या वेळी इतकं गोड झालं, की मुद्दाच निसटला. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, मुलं हो म्हणाली, पण कुणाला जमलं नाही हे आपल्याला कसं कळेल?" सर म्हणाले, "हेच विचारा. आणि उपाय एकच द्या, दहा नकोत."

सर जे करत होते त्याला कोचिंग म्हणतात. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की क्लासेस डोळ्यांसमोर येतात. इथे अर्थ वेगळा आहे. सोलापूरकरांना जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, माहीत आहे. माग बिघडला की तो भाषण देत नाही. शेजारी उभा राहून आवाज ऐकतो, एक नट फिरवतो, माग पुन्हा चालवून बघतो. शिक्षकाच्या बाबतीत हे काम मुख्याध्यापकांनी करायचं, आणि ते कसं करायचं हे त्यांनाही कुणीतरी असंच शेजारी बसून शिकवायचं.

याची गरज का पडते? शिकवताना शिक्षकाला क्षणाक्षणाला निर्णय घ्यावे लागतात. विचार करायला उसंत नसते, म्हणून हात आणि जीभ सवयीनं चालतात. "समजलं का?" ही अशीच एक सवय. प्रशिक्षणात ऐकलेलं चांगलं काही वहीत राहतं आणि वर्गात सवय जिंकते. सवय मोडायला नेमकी एक छोटी कृती, तिचा सराव आणि लगेच मिळणारा प्रतिसाद लागतो. दक्षिण आफ्रिकेत 180 शाळांमध्ये ही तुलना करून पाहिली गेली. काही शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिलं, काहींच्या वर्गात मार्गदर्शक जाऊन बसले. वर्गातल्या सोबतीचा मुलांच्या वाचनावर झालेला परिणाम जवळजवळ दुप्पट निघाला.

अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अशा 60 अभ्यासांची एकत्र छाननी केली. मुलांच्या निकालात सरासरी 0.18 प्रमाणित विचलनाची वाढ दिसली. सोपं करून सांगायचं तर शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये उभं असलेलं मूल साधारण सात जणांना मागे टाकतं. शिक्षणातल्या उपायांचा हिशेब पाहता ही मजल मोठी आहे. मात्र कार्यक्रमाचा पसारा वाढला की परिणाम घटतो, हेही त्यांना आढळलं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्याच मायामी शहराचा अभ्यास. जेसन ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे 100 शाळांमध्ये मुख्याध्यापकांचा दिवस मिनिटामिनिटानं टिपला आणि 2013 मध्ये निष्कर्ष मांडले. वर्गांतून फेरफटका मारण्यात त्यांचा 5.4 टक्के वेळ जात होता, शिक्षकांना सोबत घेऊन शिकवणं सुधारण्यात फक्त 0.5 टक्के. आठ तासांच्या दिवसात ही अडीच मिनिटंसुद्धा होत नाहीत. आणि जिथे ही मिनिटं जास्त होती, तिथे मुलांची प्रगती जास्त होती. नुसत्या फेरफटक्याचा तसा फायदा दिसला नाही, उलट काही ठिकाणी नातं उलटंच निघालं. वर्गात डोकावणं म्हणजे लक्ष घालणं, ही आपली ठाम समजूत यातून हलायला हवी.

आता हे नुसतं नातं झालं, कारण नव्हे. कारण तपासायला प्रयोग लागतो. तो रोलंड फ्रायर यांनी ह्यूस्टनमध्ये केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना दोन वर्षांत 300 तास प्रशिक्षण दिलं: पाठाचं नियोजन, निकालांवरून शिकवणं ठरवणं, पाठ पाहून शिक्षकाशी बोलणं. पहिल्या वर्षी सगळ्या विषयांत निकाल सुधारले. दुसऱ्या वर्षी परिणाम जवळपास नाहीसा झाला, कारण बरेच मुख्याध्यापक शाळा सोडून गेले होते. जे टिकून राहण्याची शक्यता होती, त्यांच्या शाळांत दोन्ही वर्षी फायदा दिसला.

बदली हा शब्द आपल्याला काही नवा नाही!

शेजारच्या मध्य प्रदेशातला अनुभव आणखी बोलका आहे. तिथे शाळांचं मूल्यांकन झालं, सुधारणेचे आराखडे लिहिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तपासलं तेव्हा मुलांच्या शिकण्यात काहीच फरक आढळला नाही. कागद भरले गेले, वर्ग तसाच राहिला.

सोलापुरात हा प्रश्न आणखी नाजूक होतो. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या आहेत, आणि मराठी वर्गातही घरी तेलुगू बोलणारी मुलं बसलेली असतात. आई विड्या वळते, वडील मागावर. घरी वही उघडून बघणारं बहुतेकदा कुणी नसतं. अशा मुलाला "होऽऽ" म्हणणं सगळ्यात आधी जमतं, कारण त्याला भाषा लागत नाही. म्हणून या शहरात मुख्याध्यापकांचा वेळ माहिती भरण्यातून आणि पोषण आहाराच्या हिशेबातून सोडवणं मला फार तातडीचं वाटतं.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा त्या वर्गात गेलो. मॅडमनी गणित सांगितलं, मुलांनी पाटीवर सोडवलं आणि टाळी वाजताच सगळ्यांनी पाट्या वर धरल्या. 38 पाट्यांपैकी अकरांवर चुकीचं उत्तर होतं, आणि ते एकाच पद्धतीनं चुकलेलं. मॅडम क्षणभर थांबल्या, मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन त्या अकरा जणांत जमिनीवर बसल्या. मागच्या बाकावर लॉगबुक उघडंच होतं. मुख्याध्यापिकांनी त्यात मुलांची अकरा नावं लिहिली होती.