अल्बानियन धर्मगुरू आणि संत

अल्बानियन भाषक समाजात सुन्नी मुस्लिम, बेक्ताशी (एक सूफी पंथ), ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक या चार परंपरांतून होऊन गेलेले बिशप, पाद्री, मुफ्ती, सूफी बाबा आणि संत. या समाजाचा वावर आजच्या अल्बानियापुरता नाही. कोसोव्हो, उत्तर मॅसेडोनिया, दक्षिण इटलीतील जुन्या वसाहती आणि अमेरिकेतील बॉस्टन-डेट्रॉइटसारखी शहरे त्यात येतात. ढोबळमानाने उत्तरेचा श्कोडर-लेझा हा डोंगरी पट्टा कॅथलिकांचा, मध्य भाग सुन्नींचा आणि दक्षिणेतील कोर्चा, ग्यिरोकास्तर हा मुलूख ऑर्थोडॉक्स व बेक्ताशींचा.

‘अल्बानियनांचा धर्म म्हणजे अल्बानियनपण’ ही पाश्को वासा या कवीची एकोणिसाव्या शतकातील ओळ कुणीही, कुठेही उद्धृत करतो. वासा स्वतः कॅथलिक आणि नोकरीने ऑटोमन पाशा, म्हणजे हे वाक्य त्याच्या तोंडी शोभतेच. मात्र त्यावरून या लोकांना धर्माचे फारसे सोयरसुतक नव्हते असे समजणे चुकीचे ठरेल. ज्या भाषेवर हे अल्बानियनपण उभे आहे, तिचे पहिले उपलब्ध वाक्य, पहिले पुस्तक आणि पहिला शब्दकोश या तिन्ही गोष्टी पाद्र्यांच्या हातच्या आहेत.

प्राचीन काळातील व्यक्तींबाबत इतिहास आणि आख्यायिका वेगळ्या काढता येत नाहीत. दुर्रस बंदराचा बिशप आस्ती याला रोमन सम्राट त्राजानच्या काळात अंगाला मध फासून उन्हात टांगले आणि गांधीलमाश्यांच्या तोंडी दिले, असे परंपरा सांगते. दुर्रसचाच यान कुकुझेली (सुमारे १२८०–१३६०) हा बायझंटाइन धर्मसंगीतातील मोठा रचनाकार. राजदरबारातील गायकी सोडून तो ग्रीसमधील आथोस पर्वतावरील मठात नाव लपवून गेला आणि तिथे शेळ्या राखू लागला. एकदा रानात तो गात असता शेळ्या चरणे थांबवून ऐकत उभ्या राहिल्या आणि त्याचे बिंग फुटले, ही कथा प्रसिद्ध आहे. बल्गेरियाही त्याच्यावर हक्क सांगतो.

लेखी पुरावा पंधराव्या शतकापासून मिळतो. दुर्रसचा आर्चबिशप पाल एंज्येली (१४१६–१४७०) हा ऑटोमनांशी लढणाऱ्या स्कांदरबेगचा मित्र आणि सल्लागार. नोव्हेंबर १४६२ मध्ये त्याने आपल्या पाद्र्यांसाठी लॅटिनमध्ये एक पत्रक काढले. युद्धामुळे, आजारपणामुळे किंवा अंतरामुळे मूल चर्चपर्यंत नेता येत नसेल, तर घरच्या माणसांनीच त्याला बाप्तिस्मा द्यावा, अशी मुभा त्यात आहे. आता डोंगरातल्या आईबापांना लॅटिन कुठून येणार? म्हणून त्या लॅटिन मजकुरात मध्येच एक वाक्य अल्बानियन आहे : ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ अल्बानियन भाषेचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने वाक्य ते हेच, असे सामान्यतः मानले जाते. रुमानियन इतिहासकार निकोलाय योर्गा याला ते फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात सापडले आणि १९१५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले.

पहिले पुस्तकही असेच नशिबाने वाचले आहे. ग्योन बुझुकू या पाद्र्याने २० मार्च १५५४ रोजी एक प्रार्थनाग्रंथ लिहायला घेतला आणि ५ जानेवारी १५५५ रोजी पुरा केला. या तारखा त्याने शेवटच्या मजकुरात स्वतःच नोंदवल्या आहेत. पुस्तक कुठे छापले हे मात्र कळत नाही, कारण मुखपृष्ठासह सुरुवातीची सोळा पाने गहाळ आहेत. ‘मेशारी’, म्हणजे मिस्साचे (कॅथलिक उपासनेचे) पुस्तक, हे नाव नंतरच्या लोकांनी दिलेले. त्याची एकच प्रत उरली असून ती व्हॅटिकनमध्ये आहे. ग्योन कझाझी या अल्बानियन आर्चबिशपला ती १७४० मध्ये तिथे आढळली. शेवटच्या मजकुरात बुझुकू म्हणतो, की आपल्या भाषेत शास्त्रवचन असे काहीच नाही हे वारंवार मनात येई, म्हणून लोकांच्या प्रेमापोटी हा खटाटोप केला. हे काम पहिलेच असल्याने चुका राहिल्या असतील, जाणत्यांनी त्या दुरुस्त कराव्यात, अशी विनंतीही तो करतो.

बुझुकूनंतर ट्रेंटच्या धर्मपरिषदेचे वारे आले. प्रत्येक देशी भाषेत धर्मशिक्षणाची पुस्तके छापायची, असे रोमचे धोरण ठरले आणि प्येतर बुदी (१५६६–१६२२) याने बेलार्मिनो या इटालियन कार्डिनलच्या धर्मविषयक प्रश्नोत्तरीचा अल्बानियन अनुवाद १६१८ मध्ये रोमला छापला. मराठी वाचकाला हा काळ ओळखीचा वाटेल. त्याच्या दोनच वर्षे आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राशोल येथे फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापून निघाले होते. बुदीने अनुवादाला स्वतःची पद्ये जोडली. पुढे तो सापा या उत्तर अल्बानियातील धर्मप्रांताचा बिशप झाला आणि १६२२ च्या अखेरीस द्रिन नदी पार करताना बुडून मेला. फ्रांग बार्धी (१६०६–१६४३) याचा लॅटिन-अल्बानियन शब्दकोश १६३५ चा. या मालिकेतील सर्वांत समर्थ लेखक म्हणजे प्येतर बोग्दानी (सुमारे १६३०–१६८९). त्याचा ‘कुनेउस प्रोफेतारुम’ हा ग्रंथ १६८५ मध्ये पादुआत छापला गेला, एका स्तंभात अल्बानियन आणि शेजारी इटालियन. अनुवाद नसलेले, स्वतंत्र विचारांचे अल्बानियन गद्य इथून सुरू होते. ऑस्ट्रियन फौजा कोसोव्होत उतरल्यावर बोग्दानीने त्यांच्या बाजूने माणसे उभी केली आणि त्याच वर्षी प्लेगने प्रिश्तिनात त्याचा अंत झाला. तुर्क परतले तेव्हा त्याचे प्रेत उकरून चौकात कुत्र्यांपुढे टाकले गेले, असे त्याच्या पुतण्याने लिहून ठेवले आहे.

या पाद्र्यांना रोममध्ये कधी नव्हे तो आपला माणूस मिळाला तो अकरावा क्लेमेंट (कारकीर्द १७००–१७२१) या पोपच्या रूपाने. त्याचे कूळ आल्बानी, मूळ अल्बानियन. त्याच्या प्रेरणेने १७०३ मध्ये लेझाजवळ अल्बानियन बिशपांची परिषद भरली. त्यानंतर उत्तरेतील चर्च बराच काळ कसेबसे तगून राहिले, एवढेच म्हणता येते.

ऑर्थोडॉक्सांची अडचण निराळी होती. त्यांची उपासना ग्रीकमध्ये चाले आणि अल्बानियन भाषेचा आग्रह धरणे म्हणजे चर्चविरुद्ध बंड ठरे. पापा क्रिस्तो नेगोवानी या खेड्यातल्या पाद्र्याने फेब्रुवारी १९०५ मध्ये अल्बानियनमध्ये उपासना चालवली आणि दोनच दिवसांत ग्रीक टोळीने त्याचा खून केला. पुढची ठिणगी थेट अमेरिकेत पडली. मॅसॅच्युसेट्समधील हडसन गावी १९०७ मध्ये एक तरुण अल्बानियन कामगार वारला. तो अल्बानियन राष्ट्रवादी आहे, सबब अंत्यविधी करणार नाही, असे ग्रीक पाद्र्याने सांगितले. संतापलेल्या कामगारांनी आपलाच पाद्री करायचे ठरवले. निवड झाली फान नोली (१८८२–१९६५) या २६ वर्षांच्या पत्रकाराची. रशियन चर्चने मार्च १९०८ मध्ये त्याला दीक्षा दिली आणि त्याच महिन्यात बॉस्टनच्या एका भाड्याच्या सभागृहात पहिली अल्बानियन उपासना झाली.

नोली हे प्रकरण कुठल्याही एका चौकटीत मावत नाही. हार्वर्डचा पदवीधर, १९२३ पासून बिशप, १९२४ मध्ये उठावानंतर अल्बानियाचा पंतप्रधान. सहा महिन्यांत सत्ता गेली, देश सुटला, तो कायमचाच. उरलेल्या आयुष्यात त्याने संगीताचे शिक्षण घेतले आणि साठीला टेकल्यावर स्कांदरबेगवर डॉक्टरेट मिळवली. शेक्सपिअरच्या नाटकांचे त्याने केलेले अनुवाद अल्बानियनमध्ये अभिजात मानले जातात. उमर खय्यामच्या रुबायाही त्याने अनुवादल्या. गंमत म्हणजे त्याच काळात हाफिझ अली कोर्चा हा मुस्लिम धर्मपंडितही खय्याम अल्बानियनमध्ये आणत होता. मदिरेचे गुणगान करणारा कवी दोन धर्मांच्या धर्मगुरूंना एकाच वेळी आवडावा, हे फक्त अल्बानियातच घडू जाणे. नोलीच्या चर्चने १९२२ मध्ये बेरात येथे स्वायत्तता जाहीर केली. कॉन्स्टॅन्टिनोपल येथील ऑर्थोडॉक्सांच्या प्रमुख पीठाची मान्यता मिळायला १९३७ उजाडले.

कॅथलिक बाजूला याच पिढीत ग्येर्ग्य फिश्ता (१८७१–१९४०) हा फ्रान्सिस्कन कवी झाला. १९०८ च्या मोनास्तीर परिषदेत लिपी ठरवण्यासाठी नेमलेल्या, मुस्लिम, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक सभासद असलेल्या समितीचा तो अध्यक्ष होता. आज अल्बानियन ज्या लॅटिन अक्षरांत लिहितात, त्यांचा उगम या परिषदेत आहे. त्याचे ‘लाहुता ए माल्त्सीस’ हे महाकाव्य साम्यवादी राजवटीत जवळ बाळगणेही धोक्याचे झाले, आणि थडग्यातून काढलेली त्याची हाडे द्रिनमध्ये फेकली गेली असे सांगतात. त्याचा सहकारी श्त्येफन ग्येचोवी (१८७४–१९२९) डोंगरी टोळ्यांचा परंपरागत कायदा, कानून, गावोगाव हिंडून लिहून काढत असे. कोसोव्होत त्याचा खून झाला आणि ते काम त्याच्या पश्चात १९३३ मध्ये प्रकाशित झाले.

मुस्लिमांमध्ये वेहबी दिब्रा (१८६७–१९३७) याचे नाव प्रथम येते. १९१२ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेवर त्याची सही आहे आणि तो देशाचा पहिला मुख्य मुफ्ती. १९२३ मध्ये तिराना येथील मुस्लिम परिषदेने इस्तंबूलशी असलेले धार्मिक नाते तोडले. बेक्ताशी हा सूफी पंथ मात्र अल्बानियाची खास ओळख. हजरत अली आणि बारा इमाम यांच्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या या पंथाचे मठ म्हणजे तेक्के आणि मठाधिपती म्हणजे बाबा. मराठीप्रमाणे तिथेही हा शब्द वडिलांना आणि फकिराला दोघांनाही लागतो. सर्वोच्च गुरूचे बिरुद ‘क्र्येग्यूश’, शब्दशः ‘थोरले आजोबा’. तुर्कस्तानने १९२५ मध्ये सूफी पंथांवर बंदी घातल्यावर साली न्याझी देदे या गुरूने पंथाचे मुख्यालय तिरानात आणले.

साम्यवादी सत्तेशी या पंथाची गाठ पडली ती रक्तरंजित. दुसऱ्या महायुद्धात साम्यवाद्यांच्या बाजूने उतरलेला बाबा फाया मार्तानेशी आणि त्याचा साथीदार बाबा फेय्झो यांनी ब्रह्मचर्य, दाढी व पंथाचा वेश यांची सक्ती काढून टाकण्याचा आग्रह धरला. मार्च १९४७ मध्ये हा वाद घेऊन ते क्र्येग्यूश अब्बास हिल्मी यांच्याकडे गेले. हिल्मींनी दोघांनाही गोळ्या घातल्या आणि मग स्वतःवर पिस्तूल चालवले. दुसरे टोक बाबा रेजेब (१९०१–१९९५) यांचे. ग्यिरोकास्तरहून इटली, इजिप्त करत ते अमेरिकेत पोचले आणि डेट्रॉइटजवळ त्यांनी तेक्के उभारले.

साम्यवादी हुकूमशहा एन्वर होजा याच्या राजवटीने १९६७ मध्ये सर्वच धर्मांवर सरसकट बंदी घातली आणि देश नास्तिक असल्याचे जाहीर केले. दोन हजारांहून अधिक मशिदी, चर्च, मठ व तेक्के बंद पडले. काहींची गोदामे झाली, काहींची क्रीडागृहे. धर्मगुरूंचा छळ त्याआधीपासून चालूच होता. दुर्रसचा आर्चबिशप आणि कवी विन्चेंत्स प्रेनुशी १९४९ मध्ये तुरुंगात मेला. श्त्येफन कुर्ती या पाद्र्याला एका बाळाला गुपचूप बाप्तिस्मा दिल्याबद्दल सत्तरच्या दशकाच्या आरंभी देहदंड झाला. पाल एंज्येलीने ज्या वाक्यासाठी पत्रक काढले, ते उच्चारणे पाचशे वर्षांनी गुन्हा झाले होते. एर्नेस्त सिमोनी यांना १९६३ च्या नाताळच्या आदल्या रात्री मिस्सानंतर पकडले. फाशीची शिक्षा सक्तमजुरीत बदलली, आणि स्पाचच्या खाणीत व पुढे श्कोडरच्या गटारांत त्यांनी काम केले. जवळ पुस्तक नसल्याने ते लॅटिन मिस्सा तोंडपाठ म्हणत.

अग्नेस गोंजे बोयाजिऊ (१९१०–१९९७), म्हणजेच मदर तेरेसा, यांची बाजूही याच बंदीशी जोडलेली आहे. जन्म स्कोप्येचा, कुटुंब अल्बानियन कॅथलिक. ‘गोंजे’ म्हणजे कळी. उर्दूतला ‘गुंचा’ तो हाच शब्द, तुर्कीवाटे तिकडे गेलेला. वयाच्या अठराव्या वर्षी घर सोडल्यावर आईची पुन्हा भेट झाली नाही. आई द्राना आणि बहीण आगे तिरानात राहत होत्या आणि सरकार ना त्यांना बाहेर सोडी, ना मदरना आत येऊ देई. आई १९७२ मध्ये गेली, बहीण त्यापाठोपाठ १९७३ मध्ये. भारतात १९८० मध्ये भारतरत्न मिळवलेल्या आणि मुंबईकरांना भायखळ्याच्या ‘आशादान’मुळे परिचित असलेल्या मदर १९८९ मध्ये प्रथम अल्बानियात गेल्या. आईच्या थडग्याबरोबर त्यांनी होजाच्या थडग्यावरही फुले वाहिली. याबद्दल त्यांच्यावर अजून टीका होते. तिरानाच्या विमानतळाला आज त्यांचे नाव आहे.

मुस्लिम जगात सर्वाधिक नाव झालेला अल्बानियन मात्र अल्बानियाबाहेरच घडला. नासिरुद्दीन अल्बानी (१९१४–१९९९) श्कोडरचे. बालपणीच वडिलांबरोबर दमास्कसला गेले, घड्याळे दुरुस्त करून पोट भरले आणि उरलेला वेळ तिथल्या जाहिरिय्या ग्रंथालयात हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, हस्तलिखितांत घालवला. विसाव्या शतकातील ते सर्वांत प्रभावी आणि तितकेच वादग्रस्त हदीस-अभ्यासक. त्यांच्या सलफी, म्हणजे आरंभीच्या इस्लामकडे परतू पाहणाऱ्या, विचाराचे अल्बानियाच्या घरगुती, सूफी वळणाच्या इस्लामशी नाते जवळजवळ नाही.

बंदी उठली ती नोव्हेंबर १९९० मध्ये, कायद्याच्या आधी माणसांच्या गर्दीने. श्कोडरच्या कब्रस्तानात सिमोन युबानी या पाद्र्याने जाहीर मिस्सा म्हटली आणि १६ नोव्हेंबरला शिशाच्या मशिदीत हाफिझ साबरी कोची (१९२१–२००४) यांनी नमाज पढवला. दोघांनीही दोन दशकांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. प्रेनुशी आणि त्याच्या ३७ साथीदारांना ५ नोव्हेंबर २०१६ रोजी श्कोडरमध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांत कुर्ती होता, तसेच मारिया तुची ही एकमेव स्त्री. त्याच महिन्यात सिमोनी कार्डिनल झाले. २०२४ मध्ये सरकारने बेक्ताशींसाठी तिरानात व्हॅटिकनच्या धर्तीवर छोटे सार्वभौम राज्य देण्याची योजना जाहीर केली. ऑर्थोडॉक्स चर्चची मोडलेली घडी १९९२ पासून बसवली ती अनास्तासिओस या ग्रीक आर्चबिशपने. त्यांच्या निधनानंतर मार्च २०२५ मध्ये योआन पेलुशी त्या पदावर आले. कोर्चातल्या बेक्ताशी घरात जन्मलेल्या पेलुशींचा बाप्तिस्मा १९७९ मध्ये, बंदीच्या ऐन काळात, लपूनछपून झाला होता.