ईएसआर वाढला म्हणजे टीबी किंवा कॅन्सरच?

‘ईएसआर वाढला की अंगात टीबी नाहीतर कॅन्सर लपलेला असतो’, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती वाटणं साहजिकच आहे.

पण ईएसआर या रक्ततपासणीत मोजतात काय? उभ्या बारीक नळीतल्या रक्तात तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढंच. अंगात कुठेही दाह (आतली सूज) असला की रक्तातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि भराभर बसतात. दाह कशाचा, हे नळी सांगत नाही. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा गरोदरपण असलं तरी आकडा चढतो.

वयाप्रमाणेही तो वाढतो. ढोबळ वरची मर्यादा पुरुषांना वयाच्या निम्मी, बायकांना वयात 10 मिळवून निम्मी. म्हणजे साठीच्या आजींना 35. रिपोर्टमधलं हिमोग्लोबिनही बघा. वजन घटत असेल, ताप-खोकला हटत नसेल, तर आकडा कितीही असो, डॉक्टरांना दाखवाच.